गच्चीवर भाड्याने आणलेली सातेरीची पेटी: एका मोसमाचा अनुभव

कोथरूडमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी गेली सात वर्षे भाजीपाला पिकवते आहे. माती, खत, पाणी आणि ऊन यांची घडी हळूहळू बसली, परंतु एक दुखणे काही केल्या सुटत नव्हते. काकडी, कारली आणि लाल भोपळा यांचे वेल मांडवभर पसरत, फुलांनी पिवळे होऊन जात, मादी फुलांच्या मागे करंगळीच्या पेराएवढी फळेही दिसू लागत, आणि चार-पाच दिवसांत तीच फळे टोकाकडून पिवळी पडून, मऊ होऊन गळून जात. कोणी बोरॉन द्यायला सांगितले, कोणी आंबट ताक फवारायला सांगितले. दोन्ही करून पाहिले आणि दोन्हींचा उपयोग झाला नाही. शेवटी सांगोल्याकडे डाळिंबाची बाग असलेल्या एका नातेवाइकांनी अगदी सहज विचारले, "वहिनी, तुमच्या गच्चीवर माशी फिरते का?" मी आठवून पाहिले आणि सकाळच्या वेळी फुलांवर मधमाशी दिसल्याचे मला एकदाही आठवेना. त्यांच्याकडे बहराच्या वेळी सेटिंगसाठी, म्हणजे फळ धरण्यासाठी, मधपेट्या भाड्याने आणून बागेत ठेवतात. तशीच एक पेटी शहरातल्या गच्चीवर ठेवून देणाऱ्या, पुण्याजवळच्या एका लहानशा सेवेचा पत्ता त्यांनीच मिळवून दिला.

ऑगस्टच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत सातेरी या देशी मधमाशीची ही पेटी माझ्याकडे होती, आणि त्या तीन महिन्यांचा हा अभिप्राय आहे. सेवेचे नाव मी देत नाही, कारण पुढे एका चुकीचाही उल्लेख आहे आणि त्या चुकीत एकापेक्षा अधिक जणांचा वाटा होता. अशी सेवा देणारे इतरही आहेत; त्यांच्यापैकी कोणाकडूनही पेटी घेताना काय पाहावे, हे वाचकांना यातून कळले तर मला समाधान वाटेल.

पेटी येण्याआधी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाहणीची एक भेट होते. तिचे पाचशे रुपये पडतात आणि पेटी घेतल्यास ते भाड्यातून वजा होतात. माझ्या मते या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोलाचा भाग ही भेट आहे. मुळशीकडचे एक मधपाळ दादा आणि त्यांच्यासोबत वनस्पतिशास्त्र शिकलेल्या एक ताई आल्या होत्या. दादांनी मधमाशीपालनाचे प्रशिक्षण गणेशखिंड रस्त्यावरील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत घेतलेले आहे. ही संस्था १९६२ पासून आपल्या शहरात आहे, आणि तिच्यावरून इतक्या वेळा जाऊनही तिच्या कामाची मला काहीच कल्पना नव्हती. गच्चीवर पाऊल ठेवताच दादांनी पहिला प्रश्न केला, "काकू, फळ न धरणारी झाडे कोणती, आणि त्यांची फुले किती वाजता उमलतात?" पहिल्या भागाचे उत्तर माझ्याकडे होते, दुसऱ्याचे नव्हते. मग ते दोघे एकेका कुंडीपाशी थांबत गेले आणि कोणते फूल कोणाची वाट पाहते, हे त्यांनी जवळपास दीड तास समजावून सांगितले.

सुरुवात सीताफळापासून झाली, कारण पिंपातले माझे सीताफळ तेव्हा फुलावर होते. सीताफळाचे फूल पाहायला खाली वाकावे लागते. हिरवट रंगाच्या तीन जाड पाकळ्या, त्याही पुरत्या न उघडणाऱ्या. ताईंनी एक पाकळी नखाने हलकेच बाजूला करून आतला ओलसर, चकाकणारा गड्डा दाखवला. या फुलात आधी स्त्रीकेसर तयार होतात आणि पराग नंतर, बहुधा दुसऱ्या दिवशी, सुटतात. तोवर त्याच फुलाचे स्त्रीकेसर सुकलेले असतात, म्हणून फुलाला स्वतःचे पराग स्वतःला लावून घेता येत नाहीत. पाकळ्यांच्या फटीतून आत शिरणारे बारीक भुंगेरे एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात पोहोचवतात. मधमाशीचा येथे काहीच संबंध नाही. सीताफळावर जितके डोळे दिसतात, तितके स्वतंत्र अंडाशय त्या इवल्या फुलात असतात, आणि ज्यांना पराग मिळत नाहीत ती बाजू भरत नाही. बाजारात एका अंगाने चपटे आणि वाकडे सीताफळ दिसते, त्यामागचे एक कारण हे. ताईंनी पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग औषधाच्या बाटलीच्या झाकणात झटकून घेतले, मऊ कुंचल्याने ते अर्धवट उमललेल्या फुलांच्या आत फिरवले आणि तो कुंचला माझ्या हाती दिला. सासवडकडच्या सीताफळांची चव घेत मी वाढले, पण त्या फळाच्या डोळ्यांचा हा हिशेब मला साठी ओलांडल्यावर कळला.

अंजिराच्या कुंडीपाशी मीच विचारले, की पेटीने याला अधिक फळे येतील का. त्यावर दादांनी स्पष्ट सांगितले, की पुरंदर भागात लावतात ते 'पुना' अंजीर परागीभवनावाचूनच फळते, तेव्हा त्याच्यासाठी एक रुपयाही खर्च करू नये. याच कुळातल्या उंबराची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. उंबराचे फूल कोणाला दिसत नाही, म्हणून क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. प्रत्यक्षात ती फुले आपण ज्याला फळ समजतो त्याच्या आतच असतात, आणि तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरणारी एक चिमुकली गांधीलमाशी त्यांचे परागीभवन करते. उंबर फोडल्यावर दिसणारे किडे ही त्या झाडाची कीड नसून त्याच्या बीजधारणेचा आधार आहेत, हे समजल्यापासून आमच्या इमारतीमागच्या उंबराकडे मी निराळ्या नजरेने पाहते.

कठड्यालगत मी मक्याची एक लांब ओळ लावली होती आणि दरवर्षी कणसांत दाण्यांच्या जागा रिकाम्या राहत. मक्याचे काम वारा करतो. वरच्या तुऱ्यातून पराग सुटतात आणि खालच्या कणसाच्या केसांवर पडतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक दाणा असतो, आणि ज्या केसावर परागकण पडला नाही त्याचा दाणा भरत नाही. एका ओळीतल्या मक्याचे पराग वारा सरळ कठड्याबाहेर उडवून नेतो. पुढच्या वेळी तितकीच रोपे चौकोनात, दाट लावा आणि सकाळी तुरे हलवा, एवढाच सल्ला होता. मी जूनअखेर नवा मका तसा लावला आणि कणसे भरली. त्यासाठी पेटी लागली नाही आणि सेवेने ती लागते असे भासवलेही नाही.

टोमॅटो आणि वांगी यांच्याबद्दल माझा सर्वांत मोठा गैरसमज होता. वांग्याच्या फुलातले परागकोश मिठाच्या बंद डबीसारखे असतात. पराग आत कोंडलेले, आणि बाहेर पडायला टोकाला फक्त बारीक छिद्र. डबी हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसे फूल थरथरल्याशिवाय पराग पडत नाहीत. काही रानमाश्या फुलाला पायांनी घट्ट धरतात आणि पंख न हलवता छातीचे स्नायू जोराने थरथरवतात, की पराग भुरभुर बाहेर येतात. मधमाशीला, मग ती सातेरी असो वा परदेशातून आणलेली मेलिफेरा, ही कला येत नाही. ताईंनी पिशवीतून विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश काढला, माझ्याकडून नातवाची पाटी मागवून घेतली, ती वांग्याच्या फुलाखाली धरली आणि ब्रशची मागची बाजू देठाला टेकवली. काळ्या पाटीवर पिवळसर पिठाचा एक लहानसा ढीग पडला. मोकळ्या जागेत वाऱ्याच्या झटक्यांनीही हे काम बरेच होते, पण माझी वांगी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होती. ती मी तिथून हलवली. सप्टेंबरात एके सकाळी पोटावर निळसर पट्टे असलेली, टपोऱ्या डोळ्यांची एक माशी त्याच वांग्यावर आली आणि फुलावर बसताच तिच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढला. तो सूर एकदा ओळखू आला, की पाठ वळवून काम करतानाही माशी वांग्यावर आहे की काकडीवर, हे कळू लागते.

दुधी आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात. दुधीचे पांढरे, पातळ फूल दिवस मावळताना उघडते, कारण त्याची नजर पतंगांकडे असते. लांब सोंड असलेले मोठे पतंग फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पितात आणि जाता जाता पराग पोहोचवतात. मधमाश्या तोपर्यंत घरी परतलेल्या असतात. आमच्या गच्चीच्या चारही बाजूंना रात्रभर दिवे जळतात आणि असा पतंग मी संपूर्ण मोसमात दोनदाच पाहिला. म्हणून दुधीसाठी हाताचाच उपाय ठरला. संध्याकाळी सातच्या सुमारास नर फूल देठासकट खुडायचे, पाकळ्या मागे वळवायच्या आणि त्याची पिवळी दांडी मादी फुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर हळुवार फिरवायची. हाताने पराग लावण्याला कोणी कमी लेखू नये. जगभरातली व्हॅनिलाची लागवड याच युक्तीवर उभी आहे. रियुनियन बेटावर १८४१ साली एडमंड आल्बिउस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने ती सोपी रीत शोधली. दुधीच्या फुलाशी उभी असताना मला त्या मुलाची अनेकदा आठवण झाली.

एवढी सगळी पाहणी झाल्यावर यादीत मधमाशीची खरी गरज असलेली पिके चारच उरली: काकडी, कारली, लाल भोपळा आणि सकाळी उमलणारे घोसाळे. मी दोन पेट्या घेण्याच्या तयारीत होते. दादांनी एकच पुरे म्हणून सांगितले. मला ती जुलैतच हवी होती, तेव्हाही त्यांनी नकार दिला. आसपास दुसरी फुले असताना वेलांवर फूल नसेल, तर माश्या पहिल्या दिवसापासून बाहेरची वाट धरतात आणि मग तीच वाट चालतात; म्हणून पिकावर थोडी फुले दिसू लागल्यावरच पेटी आणायची, हा शेतातला नियम त्यांनी गच्चीलाही लावला. विकणारा माणूस स्वतःहून कमी विकतो आणि उशिरा विकतो, हे पाहून माझा या सेवेवर विश्वास बसला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्री नऊ वाजता पेटी आली. दाराला जाळी लावलेली लाकडी पेटी, आत सहा चौकटींवर बसलेल्या माश्या, आणि कान लावल्यावर ऐकू येणारी एकसारखी घुमघुम. पेटी रात्रीच हलवतात, कारण त्या वेळी सगळ्या माश्या घरात असतात. ती दूरवरून आणावी लागते, कारण ओळखीच्या परिसरात थोड्या अंतरावर हलवली, तर माश्या जुन्याच जागी परत जातात. लोखंडी घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, कारण सातेरीला मुंग्यांचा त्रास झाला की ती घर सोडून जाते. दाराचे तोंड पूर्वेला केले आणि दुपारी सावली पडेल अशी जागा निवडली. मेलिफेराऐवजी सातेरी का, असे मी विचारले. सातेरी आपल्याकडचीच आहे, तिचे कुटुंब लहान असते, विखुरलेल्या थोड्या फुलांवरही ती भागवते आणि सकाळी लवकर कामाला लागते, असे उत्तर मिळाले. लाल भोपळ्याचे फूल पहाटे उघडून सकाळी दहाच्या आत मिटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडत नाही, हे लक्षात घेतले तर लवकर उठणाऱ्या माशीचे महत्त्व सहज कळते.

पहिले तीन दिवस माश्या पेटीसमोर तोंड करून घिरट्या घालत होत्या. त्या परिसराची ओळख करून घेत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी भोपळ्याच्या नर फुलापाशी बसले होते. एक माशी सरळ आत उतरली आणि तळाशी असलेल्या मधापर्यंत जाण्यासाठी मधल्या दांड्याभोवती फिरली. बाहेर आली ती जेजुरीच्या भंडाऱ्यात न्हाऊन निघाल्यासारखी. कडेवर बसून तिने पुढच्या पायांनी डोके पुसले, अंगावरचे काही पराग मागच्या पायांवरच्या टोपल्यांत भरले, पण पाठीवरची पिवळी पूड तशीच राहिली, आणि तशीच ती दोन हात अंतरावरच्या मादी फुलात शिरली. सात वर्षे मी ज्याची वाट पाहत होते ते घडायला दोन मिनिटेही लागली नाहीत. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते, आणि म्हणूनच भोपळ्याचे पराग कारल्यावर वाया जात नाहीत.

परिणाम मोजता यावा म्हणून मी कारल्याच्या मादी फुलांना दोरे बांधले होते. पेटी येण्याआधी, जुलैच्या अखेरीस बांधलेल्या वीस फुलांपैकी सहा फळे वाढली. सप्टेंबरच्या आरंभी बांधलेल्या वीसांपैकी चौदा वाढली. दोन्ही वेळचे हवामान वेगळे होते आणि वीस फुले म्हणजे काही मोठी मोजणी नव्हे, तरी फरक डोळ्यांना दिसत होता. त्याहूनही मला काकडीने अधिक शिकवले. जुलैत तोडलेली एक वाकडी, देठाकडे निमुळती काकडी आणि सप्टेंबरातली एक सरळ काकडी मी उभ्या चिरून पाहिल्या. वाकडीत बिया टोकाकडे भरलेल्या होत्या, देठाकडे नुसती पातळ, पोकळ टरफले होती. सरळ काकडीत शेवटपर्यंत बिया ठासून भरल्या होत्या. बी धरले तिथे गर वाढला, बी धरले नाही तिथे काकडी आखडली. एका मादी फुलावर माशी एकदा येऊन भागत नाही. ती पुन्हा पुन्हा यावी लागते. लोक वाकड्या काकडीचा दोष खताला देतात. मीही देत होते.

आता चुकीविषयी. सप्टेंबरच्या मध्यावर डासांच्या बंदोबस्तासाठी आमच्या सोसायटीत सकाळी आठ वाजता औषधाचा धूर सोडण्यात आला. सूचना दोन दिवस आधी लिफ्टमध्ये लावलेली होती. मी ती वाचलीही होती, पण धूर खालच्या बागेपुरताच असेल असे समजले. तो जिन्यातून वर आला आणि गच्चीवरही फिरवला गेला. तासाभरात पेटीसमोर मेलेल्या आणि उलट्या पडून पाय झाडणाऱ्या माश्यांचा सडा पडला. त्या मी सुपलीत गोळा केल्या, आणि ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. सेवेच्या दिलेल्या क्रमांकावर मी सकाळी साडेनऊपासून फोन केला. तो दुपारी दोनला उचलला गेला. दादा मात्र त्याच संध्याकाळी मुळशीहून निघून आले. राणीमाशी जिवंत होती. साखरेचा पाक ठेवून त्यांनी सहा दिवस वाट पाहिली, कुटुंब सावरण्याइतके उरले नाही असे दिसल्यावर पेटी परत नेली आणि त्याच रात्री दुसरी आणून ठेवली, तीही वेगळे पैसे न घेता. त्यांची ही वागणूक सचोटीची होती. परंतु पेटीसोबत मिळालेल्या सूचनांच्या कागदावर फवारणी वा धुराविषयी एक ओळही नव्हती, हा गंभीर दोष आहे. शहरातल्या इमारतींत पावसाळ्यात धूर सोडला जातो, हे शहरात सेवा देणाऱ्यांनी गृहीत धरलेच पाहिजे. धूर अंधार पडल्यावर सोडायला लावणे, आदल्या रात्री दाराला जाळी लावणे आणि हवा खेळती ठेवून पेटीवर ओले गोणपाट टाकणे, एवढे आधी सांगितले असते तर ते कुटुंब वाचले असते. आपत्कालीन क्रमांक म्हणून दिलेला फोन साडेचार तास कोणी उचलत नसेल, तर तो क्रमांक देण्यात अर्थ नाही.

शेजाऱ्यांच्या भीतीविषयी मला अधिक काळजी होती, पण तो भाग सेवेने फार चांगला हाताळला. पेटी येण्याआधीच्या रविवारी दादांनी वाहनतळावर अर्धा तास सर्वांशी बोलून आग्या, सातेरी, फुलोरी आणि डंखच नसलेली कोती यांतला फरक समजावला. शेजारच्या इमारतीच्या टाकीखाली दरवर्षी लागणारे आग्यामोहोळ जाळून टाकण्याची मागणी एका गृहस्थांनी केली. आग्या ठरावीक काळ राहते आणि आपणहून स्थलांतर करते, तोवर तिच्या वाटेला जाऊ नये, एवढे ऐकून त्यांचे समाधान झाले. तीन महिन्यांत कोणालाही डंख झाल्याची तक्रार आली नाही.

पेटीसोबत एका बाजूने बंद असलेल्या बांबूच्या नळ्यांची एक जुडी फुकट मिळाली, आणि तिचे कौतुक मला पेटीइतकेच वाटते. माझ्या गुलाबाच्या पानांच्या कडा गोल, जणू कात्रीने कापल्यासारख्या कातरलेल्या असत आणि त्यासाठी मी कित्येकदा औषध मारलेले होते. ते काम पाने कापणाऱ्या एकट्या माशीचे आहे. ती पानाची चकती कापून नळीत नेते, तिची गुंडाळी करून आत पराग आणि अंडे ठेवते आणि तोंड बंद करते. ऑक्टोबरपर्यंत जुडीतल्या सात नळ्यांची तोंडे हिरव्या चकत्यांनी बंद झाली होती. या माश्या पोळे करत नाहीत, मध साठवत नाहीत, पण परागीभवनात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि पाळीव माश्यांची पेटी आणताना त्यांच्या वाटच्या फुलांचाही विचार करावा, असे ताईंनी आवर्जून सांगितले. दुसरी पेटी नको म्हणण्यामागे हेही एक कारण होते.

सेवेच्या छापील पत्रकावर माझा आक्षेप आहे. 'सर्व भाजीपाल्याच्या उत्पादनात हमखास वाढ' असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे आणि त्याखाली टोमॅटोचे चित्र आहे. प्रत्यक्ष भेटीत इतके नेमके बोलणाऱ्या माणसांच्या पत्रकावर असे विधान असू नये. पत्रक वाचून, पाहणी न करवून घेता पेटी मागवणाऱ्याची त्यामुळे फसगत होईल. मी हे त्यांना लेखी कळवले आहे.

भाडे महिन्याला अठराशे रुपये आणि अनामत तीन हजार. अनामत पेटी नेल्याच्या आठवडाभरात परत मिळाली. पंधरा दिवसांनी एक तपासणी त्यात धरलेली असते. करारानुसार ग्राहकाला मध मिळत नाही. पावसाळ्यात माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो, तेव्हा पेटीत जे साठते त्याला मध म्हणून विकणे किंवा वाटणे योग्य नव्हे, असे दादांचे म्हणणे आहे आणि ते मला पूर्णपणे पटले. मधाच्या आशेने कोणी ही सेवा घेऊ नये.

ज्यांच्याकडे टोमॅटो, वांगी, मिरची आणि पालेभाज्याच आहेत, त्यांना पेटीची गरज नाही. ज्यांच्याकडे काकडी-भोपळ्याचा एखाददुसरा वेल आहे, त्यांनी सकाळी लवकर उठून हाताने पराग लावावेत; त्यासाठी पाचशे रुपयांची पाहणी तेवढी जरूर करून घ्यावी. माझ्यासारखे ज्यांचे दहा-बारा वेल मांडवावर आहेत आणि ज्यांच्या गच्चीवर माशी फिरकत नाही, त्यांनी मात्र सोसायटीच्या समितीकडून धुराच्या वेळेबद्दल लेखी मिळवूनच पेटी घ्यावी.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री दादा पेटी न्यायला आले, तेव्हा काकडीचे वेल वाळले होते आणि कारल्यावर शेवटची फुले होती. लोखंडी घोडी आणि पाण्याच्या चार वाट्या त्यांनी पुढच्या वर्षासाठी माझ्याकडेच ठेवल्या. ऑगस्टचे नाव मी त्याच वेळी नोंदवले. त्यांच्या अर्जाच्या नव्या कागदावर आता फवारणीची वेळ आणि ती करणाऱ्याचा संपर्क लिहिण्यासाठी एक रकाना आहे. तो मी सर्वांत आधी भरला.